कुठल्या नळीला कुठलं काडतूस

शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या मराठी कार्यक्रमांत माझी ओळख करून देताना लोक जरा अडखळायचे. "या शालिनीताई. या स्पोर्ट्सच्या दुकानात असतात." स्पोर्ट्स म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे टेनिसच्या रॅकेटी यायच्या आणि विषय संपायचा. मग मी मुद्दाम सांगायची, "काडतुसं विकते." त्यावर माणूस हातातली बटाटेवड्याची प्लेट सांभाळत एक पाऊल मागे जायचा आणि लगेच दोन पावलं पुढे यायचा, कारण विचारायचं तर सगळ्यांनाच असायचं. कोण घेतं? कशाला घेतं? तुम्हाला भीती नाही वाटत? पण तेवढ्यात कुणीतरी जेवायला बोलवायचं आणि माझी उत्तरं राहून जायची. ती आता इथे देते.

दोन हजार दोन साली माझ्या नवऱ्याची, अशोकची, नोकरी गेली. आयटीतल्या ओळखीच्या कितीतरी जणांची गेली होती, त्यामुळे लाज वाटायचं कारण नव्हतं, पण घर चालवायचं होतं. मी जळगावला कॉलेजात फिजिक्सची डेमॉन्स्ट्रेटर होते, आणि त्या अनुभवाला इथे कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. गावाबाहेर शिकारीच्या आणि मासेमारीच्या सामानाचं एक अवाढव्य दुकान होतं. तिथे मला बुटांच्या विभागात घेतलं. गिऱ्हाईक नसलं की मी शेजारच्या काडतुसांच्या काउंटरपाशी जाऊन डब्यांवरची बारीक अक्षरं वाचत उभी राहायची. तो काउंटर व्हर्न नावाचा साठीतला माणूस सांभाळायचा. आधी ट्रॅक्टर दुरुस्त करायचा, बोलायचा कमी.

एक दिवस त्यानं विचारलं, "शिकार करायची आहे का तुला?"

म्हटलं, "नाही. हे आतून कसं असतं ते बघायचंय."

त्याच्याकडे दाखवायला म्हणून उभी चिरून ठेवलेली, दारू काढून टाकलेली काडतुसं होती. ती त्यानं माझ्यापुढे मांडली. मी इतके प्रश्न विचारले की पुढच्या आठवड्यात त्यानंच मॅनेजरला सांगून मला बुटांमधून काडतुसांत आणलं. बंदूक-काडतुसं हाताळायला आमच्या राज्यात सरकारी कार्ड लागतं, ते माझ्या फोटोसकट निघालं. जळगावला आईला फोनवर हे काही सांगितलं नाही. अशोकला पुढे दुसरी नोकरी लागली, पण मी काउंटर सोडला नाही. दोन हजार आठपर्यंत तिथेच होते.

आता धंद्यातलं थोडं. शॉटगन म्हणजे आपल्याकडे जिला बारा बोअरची बंदूक म्हणतात ती. तिच्या काडतुसात सहसा छर्रे असतात. पक्ष्यांसाठी मोहरीएवढे बारीक, मोठ्या जनावरासाठी वाटाण्याएवढे जाड. तिसऱ्या प्रकारात छर्रे नसतातच, अंगठ्याच्या पेराएवढा शिशाचा एकच तुकडा असतो. त्याला स्लग म्हणतात. आमच्या राज्यात हरणाच्या शिकारीला रायफल चालत नाही. जमीन सपाट, शेताला लागून घरं, आणि रायफलची गोळी चुकली तर कुठे जाऊन थांबेल सांगता येत नाही. छर्रेही चालत नाहीत, कारण ते पसरतात, दोनचार लागून हरीण जखमी होऊन निघून जातं आणि कुठेतरी झुडपात दिवसभर तडफडतं. उरला स्लग.

इथवर सोपं वाटतं. पण स्लगमध्ये दोन जाती. काही शॉटगनची नळी आतून गुळगुळीत असते, काहींच्या नळीत स्क्रूसारखे पीळ काढलेले असतात. पीळ असलेल्या नळीसाठी प्लास्टिकच्या वाटीत बसवलेला स्लग मिळतो, त्याला सॅबो म्हणतात. नळीचे पीळ ती वाटी पकडतात, आतला स्लग भोवऱ्यासारखा फिरत सरळ जातो. हाच सॅबो गुळगुळीत नळीतून मारला तर त्याला फिरवणारं कुणी नसतं. तो कोलांट्या खात जातो, कुठे लागेल त्याचा भरवसा नाही. गुळगुळीत नळीला वेगळा स्लग, पुढून जड आणि मागून पोकळ, न फिरताही तोंड पुढे ठेवून जाणारा. तो स्वस्त असतो, आणि सगळी गोची इथेच होते. माणूस पहिल्यांदा मोठी शिकार करायला निघाला की त्याला भारीतलं भारी काडतूस हवं असतं.

एक गृहस्थ दरवर्षी डब्यावरच्या चित्रावरून काडतुसं निवडायचे. ज्या डब्यावरच्या हरणाची शिंगं मोठी, तो डबा त्यांचा. मी नवीन असताना त्यांना समजवायला गेले. व्हर्ननं मला बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांच्याशी वाद घालू नकोस. नळी कुठली ते विचार आणि त्या नळीला चालणाऱ्यांतला सगळ्यात मोठ्या शिंगांचा डबा दे." हे मला एकदम पटलं. दोघंही खूश आणि हरणाचंही भलं, म्हणजे जेवढं होऊ शकतं तेवढं.

दुसरा प्रसंग मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. एका शेतकऱ्यानं नमुना दाखवायला म्हणून जॅकेटचा खिसा काउंटरवर रिकामा केला. चारपाच लाल काडतुसं आणि त्यांत एक पिवळं. व्हर्नचा चेहरा बदलला. पिवळं काडतूस वीस बोअरचं, म्हणजे अंगानं बारीक. ते चुकून बारा बोअरच्या बंदुकीत गेलं तर घसरून नळीत पुढे अडकतं. मागून बघणाऱ्याला जागा रिकामी दिसते. तो दुसरं काडतूस भरतो, चाप ओढतो आणि नळी त्याच्या पुढच्या हातातच फुटते. हा घोटाळा होऊ नये म्हणूनच वीस बोअरला पिवळा रंग देतात. नळीत काहीही अडकलेलं असणं यासारखी वाईट गोष्ट नाही, मग ते काडतूस असो, चिखल असो की बर्फ. म्हणून आमच्या काउंटरचा नियम असा होता, की बंदूक आली की आधी ती उघडून रिकामी असल्याची खात्री करायची, मग मागच्या बाजूनं नळीतून उजेड बघायचा. पूर्ण गोल दिसला पाहिजे.

शरद देवतळे आमच्या दुकानात आले ते एका ऑगस्टमध्ये. मूळचे नागपूरचे, शिकागोत एका बँकेच्या आयटीत, रोज सकाळच्या ट्रेननं जाणारे. माझी त्यांची कार्यक्रमांतली तोंडओळख होती. बरोबर मुलगी, ईशा, इथेच जन्मलेली, विद्यापीठात वन्यजीवशास्त्र शिकणारी. त्या अभ्यासात हरणांची संख्या फार वाढली की जंगलाचं काय होतं हे ती शिकली होती आणि मग तिनं घरी जाहीर केलं होतं, की या नोव्हेंबरात मी हरीण मारणार. मैत्रिणीच्या काकांची जुनी बारा बोअर तिनं विकत घेतली होती. लायसन्स, सुरक्षेचा कोर्स, सगळं रीतसर केलं होतं. आईनं, वंदनानं, या विषयावर बोलणंच बंद केलं होतं.

देवतळ्यांनी काउंटरवर दोन्ही हात टेकले. "ताई, मी हिला एक कंडिशन घातली आहे. मी सोबत येणार. आणि पन्नास यार्डांवर कागदी ताटली लावायची, तीन गोळ्या तिच्यात बसल्या पाहिजेत. नाही बसल्या तर यंदा कॅन्सल. हरीण जखमी होऊन पळालं तर माझ्यानं बघवणार नाही."

"बाबा, इट्स अ फेअर कंडिशन," ईशा म्हणाली. "मी ॲग्री केलंय."

"मग आता मला असं काडतूस द्या," देवतळे म्हणाले, "ज्यानं त्याला दुखणार नाही."

सहा वर्षांत माझ्याकडे नाना तऱ्हेची मागणी आली. जास्त वेगाचं द्या, कमी धक्का देणारं द्या, लाल रंगाचं द्या. हे कुणीच मागितलं नव्हतं. मी व्हर्नकडे पाहिलं आणि त्याला इंग्रजीत सांगितलं. तो टोपीखाली डोकं खाजवत म्हणाला, "योग्य जागी लागलं तर कुठलंही." खरं उत्तर एवढंच होतं, पण ते कुठल्या शेल्फवर ठेवलेलं नव्हतं.

मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. नळी गुळगुळीत की पिळाची? ईशा म्हणाली गुळगुळीत. मी साधे स्लग सुचवले, तरी देवतळ्यांनी ते न घेता दुसरीकडून सगळ्यात महागाचे सॅबो आणले. "भारी माल आहे, काहून नाही चालणार?" असं म्हणून ते मुलीला घेऊन नेमबाजीच्या रेंजवर गेलेही. पुढच्या शनिवारी दोघं परत आले, पाठोपाठ, एकमेकांशी न बोलता. ईशानं लक्ष्याचा मोठा कागद काउंटरवर पसरला. त्यावर चिकटवलेली ताटली कोरी होती. कागदाच्या दोन कोपऱ्यांत दोन भोकं होती, तीही गोल नव्हती, कुलपाच्या भोकासारखी लांबट होती. स्लग आडवा लागला होता.

"आय ॲम नॉट दॅट बॅड," ती म्हणाली. तिच्या आवाजावरून कळत होतं की तिला स्वतःलाच खात्री उरलेली नाही.

मला तिच्याबद्दल वाईट वाटलं आणि तो कागद बघून आनंदही झाला, दोन्ही खरं आहे. कोलांटी खाणारा स्लग मी वाचला होता, पाहिला नव्हता. मी देवतळ्यांना ते भोक दाखवलं, चिरलेली काडतुसं मांडली, वाटी दाखवली. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे हिची चूक नाही." पुढे म्हणाले, "म्हणजे माझी आहे." मी त्यांना गुळगुळीत नळीचे साधे स्लग तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे दिले. एकाच मापाचे असले तरी प्रत्येक नळीला एखादाच मानवतो. का, ते छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. व्हर्न म्हणायचा, बंदूक डब्यावरचं वाचत नाही.

सप्टेंबरच्या शेवटी ईशा एकटीच आली. ताटली बरोबर आणली होती. तीन भोकं, तिन्ही एका मुठीत मावतील अशी. तिसऱ्या कंपनीचा स्लग मानवला होता. मी ती ताटली आठवडाभर काउंटरमागे चिकटवून ठेवली. माझं त्यात काही नव्हतं, तरी मला तिचा अभिमान वाटत होता.

हंगाम सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी दुकानात जत्रा असते. नारिंगी जॅकेटं, थर्मास, गरम मोजे, सगळ्यांना सगळं आत्ताच हवं असतं. त्या गर्दीत देवतळे आणि ईशा आले. बंदुकीच्या टोकावरचा नेम धरायचा मणी सैल झाला होता. व्हर्ननं बंदूक घेतली, उघडली, रिकामी असल्याचं पाहिलं आणि माझ्याकडे दिली. मी मागून नळीत पाहिलं.

उजेड अर्धा होता. चंद्राची कोर असते तेवढाच.

मी व्हर्नला खूण केली. त्यानं नळी सोडवली आणि मागून सळई घालून हळूच ढकललं. पुढून काउंटरवर एक काळपट हिरवा देठ पडला, बोटभर लांब. त्याच्यामागून वाळलेल्या नारिंगी पाकळ्या आणि कुंकवाचा थोडा चुरा.

"व्हॉट इज दॅट?" ईशा म्हणाली.

मी ओळखलं होतं. देवतळ्यांनीही ओळखलं. ते हळू आवाजात म्हणाले, "दसरा." घरात लॅपटॉप, विळी, गाडीच्या किल्ल्या, सगळं पुजलं होतं. कपाटातली बंदूकही वंदनानंच बाहेर काढायला लावली होती. बंदूक पाटावर मावेना, म्हणून भिंतीला टेकवून उभी केली. तिला फूल वाहायचं तर ते राहणार कुठे? तिनं अंगणातला झेंडू देठासकट नळीत खोचला, फुलदाणीत खोचतात तसा. दुसऱ्या दिवशी फूल वरून काढलं, देठ मोडून आतच राहिला. मग बंदूक कपाटात गेली आणि ईशा परीक्षेत.

"आईनं?" ईशा म्हणाली. "आई तर माझ्याशी याबद्दल बोलतसुद्धा नाही."

"बोलत नाही," देवतळे म्हणाले. "पण घरात शस्त्र आलंय तर त्याची पूजा नको का, म्हणाली."

त्या बाईनं आपला राग राखला होता आणि मुलीच्या बंदुकीला फूलही वाहिलं होतं. त्याच फुलानं उद्या पहाटे काय केलं असतं, हे आम्ही चौघंही त्या देठाकडे बघत मनात मोजत होतो. व्हर्ननं मला विचारलं, तुमच्याकडे बंदुकीला फुलं घालायची पद्धत आहे का? मी थोडक्यात दसरा सांगितला. त्यानं तो गंभीरपणे ऐकला. "चांगली पद्धत आहे," तो म्हणाला. "फक्त तोंडात नको. गळ्यात घाला."

देवतळे हसले नाहीत. "हात गेला असता ना?"

"हात," व्हर्न म्हणाला. "कदाचित डोळा."

"बस. कॅन्सल," देवतळे मराठीत म्हणाले. "उद्या कुठे जायचं नाही. ताटली वगैरे राहू दे."

ईशा वाद घालेल असं मला वाटलं. तिनं घातला नाही. ती म्हणाली, "बाबा, तपासायचं काम माझं होतं. मी घरून निघताना पाहिलं नाही. आय शुड हॅव." मग तिनं व्हर्नकडून सळई आणि कापड मागून घेतलं, काउंटरच्या टोकाला जाऊन नळी पुसली, पुन्हा पुसली, कापड स्वच्छ निघेपर्यंत पुसत राहिली. रांगेतली माणसं थांबली होती, पण कुणी कुरकुर केली नाही. नुसती सुटी नळी तिनं बापासमोर धरली, छताच्या दिव्याकडे रोखून.

"तुम्ही बघा."

देवतळ्यांनी तोवर त्या बंदुकीला बोटही लावलेलं नव्हतं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी नळीला डोळा लावला आणि बराच वेळ तसेच राहिले.

"गोल आहे," ते म्हणाले. "पूर्ण गोल."

तिनं नळी परत बसवली. व्हर्ननं मणी घट्ट केला. जायचं की नाही यावर कुणी एक शब्द बोललं नाही. जाताना देवतळ्यांनी हातमोज्यांचा एक जाड जोड घेतला तेव्हा मला कळलं की जायचं आहे.

हंगामाचे पहिले तीन दिवस मी प्रत्येक गिऱ्हाइकाला बातमीदारासारखं विचारत होते, पण माझं लक्ष एकाच बातमीकडे होतं. सोमवारी दुपारी देवतळे एकटे आले. ऑफिसला दांडी मारली होती.

"मिळालं," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता सांगायला लागले.

उजाडल्यावर तासाभरानं एक मादी मक्याच्या शेताच्या कडेला आली. ईशानं बराच वेळ थांबून एकच गोळी मारली. हरीण उडालं आणि पळत झाडीत गेलं. "मला वाटलं, संपलं. ज्याला भीत होतो तेच झालं. मी उठलो, तर हिनं माझी बाही धरली. म्हणाली, बाबा, बसा. आत्ता मागे गेलो आणि ते जखमी असलं तर उठून आणखी पळेल. अर्धा तास थांबायचं असतं. ताई, अर्धा तास! मी म्हणतोय, अगं ते तिकडे तडफडत असेल. ती म्हणते, बसा. मग मी तिच्याकडे पाहिलं तर ती रडत होती. आवाज नाही, काही नाही. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि बंदूक मांडीवर नीट, तोंड दुसरीकडे. मी असतो तर धावलो असतो. ती बसून राहिली."

"मग?"

"साठ पावलांवर होतं. पडलं तिथंच संपलेलं. तोंडात मक्याचं पान तसंच, अर्धं चावलेलं." मग म्हणाले, "म्हणजे त्याला फार दुखलं नसेल. तो अर्धा तास आमचा दोघांचाच होता."

ऑगस्टमध्ये त्यांनी माझ्याकडे जे मागितलं होतं ते माझ्याकडे नव्हतं, याची खंत मला बरेच दिवस होती, आणि ती अजून पूर्ण गेलेली नाही. आम्ही विकतो ते काम लवकर आटोपणारं, एवढंच.

"वंदनाताई काय म्हणाल्या?"

"तिनं त्या हरणाचं मटण केलं. सावजी मसाल्याचं. स्वतः नाही खाल्लं. हिला वाढलं."

मागे दोन माणसं उभी होती, तरी मी विचारलंच. "आणि पुढच्या वर्षी? परवानगी देणार?"

"ती जाणारच आहे हो. मला कुठे विचारतेय आता." त्यांनी काउंटरवरचा एक डबा उचलला, उलटा करून बारीक अक्षरं वाचली आणि परत जागेवर ठेवला. "मीच विचारलं तिला, येऊ का सोबत, म्हणून."

"काय म्हणाली?"

"विचार करून सांगते, म्हणाली. मराठीत. मी तिला सांगायचो तसंच."